पायीं चालणें आणि रानची हवा

खानदेशांतल्या माणसास चालावयास शिकविण्याची पाळी येईल, असें कोणी आमच्या आजोबांस सांगितलें असतें तर त्यांनीं तें थट्टेवारी नेलें असतें. यावलाहून फैजपुरास, पारोळ्याहून अमळनेरास, साक्रीच्या बाजाराहून आपल्या पाड्यास माणूस पायींच जाई. गांवोगांवचा उपदेशक खांद्यावर पिशवी व हातांत काठी घेऊन पहाटेस निघे, दिवसांत तीन गांवें करी आणि चौथ्या गांवीं मुक्कामास राही. आज त्याच उपदेशकाचा नातू मोटारसायकलीवरून तीं चारहि गांवें दुपारच्या आंत उरकतो. काम अधिक होतें ही गोष्ट खरी, आणि ती आम्ही नाकारीत नाहीं. पण पंचेचाळिशी उलटतां उलटतां कोठल्याशा तपासणीशिबिरांत तो बोटाचें रक्त देतो, आणि कागदावर साखरेचा आंकडा वर चढलेला निघतो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात व शेवटीं एवढेंच म्हणतात, "रोज चालत जा." किती चालावें, केव्हां चालावें, कोठें व कसें चालावें, याचा उलगडा तेथें होत नाहीं, कारण दाराबाहेर रांग लागलेली असते. तो उलगडा करावा एवढ्याकरितां हा पाठ लिहिला आहे.

प्रथम एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे, कारण खेड्यांत हा विषय काढतांच तो पुढें येतो. लोक म्हणतात, "आम्ही दिवसभर शेतांत राबतों, चालण्याचे चोचले शहरच्या लोकांनीं करावेत." जो खरोखर दिवसभर राबतो त्याच्यापुरतें हें म्हणणें बरोबर आहे. कापूस वेंचणारी बाई, केळीचे घड वाहणारा मजूर, सातपुड्यांतल्या पाड्यावरून डोंगर उतरून बाजारास येणारा आदिवासी बंधु, यांना व्यायामाचा उपदेश करणें म्हणजे पोहणाऱ्यास अंघोळ शिकविण्यासारखें आहे. त्यांना हवी आहे ती विश्रांति व पोटभर अन्न. पण आपल्या मंडळींत असे किती आहेत तें एकदां मोजून पाहावें. शाळेंतला शिक्षक राबत नाहीं, दुकानदार राबत नाहीं, रिक्षाचालक बसूनच असतो. ज्याच्या शेतांत ट्रॅक्टर फिरतो व ठिबकानें पाणी मिळतें, तो शेतकरी मोटारसायकलीवरून बांधापर्यंत जातो आणि मजुरांस सूचना देऊन परत येतो. ज्या घरीं नळ व गॅस आला त्या घरच्या बाईचे पाणी-सरपणाचे कष्ट टळले, ही देवाची कृपाच समजावी. परंतु तिचें दिवसाचें चालणें अंगणापुरतें उरलें, हेंहि तितकेंच खरें. आणि उपदेशकाविषयीं वर सांगितलेंच आहे. तात्पर्य, ज्या कष्टांच्या नांवावर आपण निर्धास्त राहतों ते कष्ट पुष्कळांच्या अंगावरून केव्हांच उतरले आहेत. खाणें मात्र पूर्वीच्या कष्टांच्या मापानेंच चालू आहे.

बसून राहण्यानें काय होतें याचा पहिला नीट हिशेब लंडन शहरांत झाला. जेरेमी मॉरिस नांवाच्या डॉक्टरांनीं तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी केली व ती १९५३ सालीं प्रसिद्ध केली. एका गाडीवर दोघे नोकर असत. चालक सबंध दिवस बसून राही. वाहक तिकिटें देत देत जिना चढे व उतरे, आणि अशा पांचशें ते साडेसातशें पायऱ्या त्याच्या रोज होत. दोघांचें शहर तेंच, वर्गहि साधारण तोच. पण हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि ज्यांस झाला त्यांना तो बहुधा उतारवयांत झाला. पायीं व सायकलीवर टपाल वांटणाऱ्या पोस्टमनांची गोष्ट टेबलाशीं बसणाऱ्या कारकुनांच्या मानानें अशीच बरी निघाली. या मॉरिस साहेबांचा प्रामाणिकपणा असा कीं, पुढें १९५६ सालीं त्यांनीं त्याच नोकरांच्या गणवेशाचीं मापें तपासलीं. तेव्हां दिसून आलें कीं, चालकांच्या कमरेचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच मोठा होता. म्हणजे सगळाच फरक जिन्यानें पडला असें नव्हे. पण त्यानंतरच्या सत्तर वर्षांत अनेक देशांत जे शोध झाले त्यांनीं मूळ गोष्ट पक्कीच केली आहे.

आतां शरीराच्या आंत काय घडतें तें पाहूं. भाकरी खाल्ली कीं तिची साखर होऊन ती रक्तांत उतरते. ती साखर स्नायूंच्या आंत शिरण्यास इन्शुलिन नांवाचा रस लागतो; तो जणूं दाराची किल्ली आहे. बैठ्या माणसाच्या दारांस हळू हळू गंज चढतो, किल्ली फिरत नाहीं, आणि साखर रक्तांतच हिंडत राहते. परंतु आपण चालूं लागलों म्हणजे मांड्या व पोटऱ्या यांचे मोठे स्नायु आकुंचन पावतात, आणि त्या हालचालीनें किल्लीवांचूनहि साखर आंत घेतली जाते. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें सावकाश चालल्यानें साखरेची चढती लाट खालीं बसते. चालण्याचा परिणाम पुढेंहि कांहीं तास टिकतो. पण तो साठवून ठेवतां येत नाहीं, म्हणून एक दिवस पुष्कळ चालून चार दिवस बसण्यापेक्षां रोज थोडें चालणें बरें. याशिवाय रक्ताचा दाब कांहींसा उतरतो, हाडांस बळकटी राहते, पोट साफ होतें, आणि झोंप लागते. झोंपेची गोष्ट लहान समजूं नये. रात्रभर मोबाइलच्या उजेडांत डोळे ताणणाऱ्या आमच्या तरुणांस तिची किंमत अजून कळलेली नाहीं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून आपल्या देशांत मधुमेहाचे सुमारें १० कोटि रोगी आहेत, व आणखी सुमारें १३ कोटि ६० लक्ष लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज निघाला. उंबरठ्यावरच्या या लोकांसाठीं चालणें विशेष मोलाचें आहे. त्यांतले पुष्कळ जण आहार संभाळून व नियमानें चालून घराबाहेरच राहूं शकतात.

किती चालावें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें कीं प्रौढ माणसानें आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रम करावेत. झपाझप चालणें हा तसला श्रम होय. चालतां चालतां बोलतां येतें पण भजन म्हणतां येत नाहीं, इतका वेग असला म्हणजे पुरे. रोज दहा हजार पावलें झालींच पाहिजेत असें जें ऐकूं येतें तें कोणा वैद्याचें वचन नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानांत पावलें मोजण्याचें एक यंत्र विकावयास आलें, त्याच्या नांवांतच दहा हजारांचा आंकडा होता, तेथून तो जगभर पसरला. २०१९ सालीं अमेरिकेंतील वृद्ध स्त्रियांची जी पाहणी प्रसिद्ध झाली तींत रोज सुमारें ४४०० पावलें चालणाऱ्या बायांत मृत्यूचें प्रमाण २७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां पुष्कळ कमी होतें, आणि साडेसात हजारांच्या पुढें फारसा अधिक लाभ दिसला नाहीं. म्हणून ज्याच्यानें दहा हजार होत नाहींत त्यानें निराश होऊन खाटेवर बसूं नये.

येथपर्यंत जें सांगितलें तें कोठेंहि चालण्यास लागू पडतें. मग तो धुळ्याचा हमरस्ता असो कीं गांवची गाडवाट. पण या पाठाचा खरा विषय रानांतून व शिवारांतून चालण्याचा आहे, आणि तेथें कांहीं निराळेंच घडतें असें आतां विद्वान् लोकहि म्हणूं लागले आहेत. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांची टिपणें रॉजर उल्रिच यांनीं ताडून पाहिलीं. निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, निम्म्यांच्या खिडकीपुढें विटांची भिंत होती. झाडें पाहणारे रोगी सरासरीनें सुमारें पाऊण दिवस आधीं घरीं गेले, व वेदना कमी करणारीं जबर औषधें त्यांस कमी लागलीं. हें १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. ते रोगी चालत नव्हते, नुसते अंथरुणांतून पाहात होते! पुढें २०१५ सालीं स्टॅन्फर्ड येथें ३८ निरोगी माणसांचे दोन गट केले. एकास दीड तास गवताळ माळावर झाडांमधून चालविलें, दुसऱ्यास तेवढाच वेळ गाड्यांनीं गजबजलेल्या रस्त्याच्या कडेनें. माळावरून आलेल्यांच्या मनांतलें तेंच तेंच दुःख घोळीत राहणें कमी झालें. रस्त्यावरून आलेल्यांचें झालें नाहीं. आणि २०१९ सालीं इंग्लंडांतील सुमारें वीस हजार लोकांच्या पाहणींत असें दिसलें कीं, आठवड्यास दोन तास तरी झाडाझुडपांत घालविणारे लोक आपली प्रकृति व मन बरें असल्याचें अधिक प्रमाणांत सांगतात. ते दोन तास एका दिवशीं घालविले काय किंवा थोडे थोडे करून घालविले काय, फरक पडत नाहीं.

या शोधांस आम्ही प्रमाण मानतों, पण डोळे मिटून नव्हे. ४६ किंवा ३८ माणसें म्हणजे एका लहानशा मंडळीपेक्षांहि कमी. आणि इंग्लंडच्या पाहणींत बरीं माणसेंच रानांत अधिक जात असतील, अशीहि शंका घेण्यास जागा आहे. तरी मनांत चिंता घोळीत राहणारा माणूस शिवारांतून फिरून आला म्हणजे त्याची मुद्रा पालटलेली असते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. कर्ज, पाऊस, मुलीचें लग्न, कापसाचा भाव या चार गोष्टी आमच्या भागांत माणसास रात्रीं झोंपूं देत नाहींत. चालण्यानें कर्ज फिटत नाहीं. पण ज्या मनास एकच विचार दिसतो त्या मनास दुसरा विचार सुचण्याइतकी जागा होते, आणि कधीं कधीं तेवढ्यावरच जीव वांचतो. आपल्या गांवीं कोणी शेतकरी खिन्न होऊन घरांत कोंडून बसला असेल तर उपदेशकानें त्याच्या घरीं जाऊन उपदेशाचे शब्द फार बोलूं नयेत. "चला, दादा, नाल्यापर्यंत जाऊन येऊं," असें म्हणावें. समोरासमोर बसलें असतां जें तोंडांतून निघत नाहीं तें बरोबरीनें चालतांना निघतें. अम्माऊसच्या वाटेवर ते दोघे शिष्य चालतां चालतांच आपलें दुःख बोलत होते, हें वाचकांस ठाऊकच आहे. मात्र माणूस जीव देण्याची भाषा बोलूं लागला तर त्यास एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टराकडे न्यावें.

मुलांविषयीं एक गोष्ट. जवळचें दिसतें पण फळा दिसत नाहीं, असा डोळ्यांचा दोष शाळकरी मुलांत वाढत आहे. चीन देशांतील ग्वांगझू शहरीं बारा शाळांत एक प्रयोग झाला व तो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. सहा-सात वर्षांच्या मुलांस कांहीं शाळांनीं रोज चाळीस मिनिटें अधिक उघड्यावर नेलें. तीन वर्षांनंतर त्यांच्यांत हा दोष शेंकडा ३० मुलांत आढळला. इतर शाळांत तो शेंकडा ३९ हून अधिक होता. उघड्यावरचा प्रकाशच येथें औषध आहे, असें समजतात. तेव्हां रविवारच्या शाळेचा वर्ग हिंवाळ्यांत चिंचेखालीं भरविण्यास शिक्षकांनीं अनमान करूं नये.

चालण्याच्या गोष्टींत खानदेशास ज्यांची आठवण विशेष आहे ते विनोबा भावे. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं दर रविवारीं गीतेवर अठरा प्रवचनें केलीं, व तीं अमळनेरचे साने गुरुजी यांनीं उतरून घेतलीं. त्यामुळें धुळ्याचें नांव त्यांच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें. पण आपल्या विषयाशीं संबंध आहे तो त्याआधींच्या व नंतरच्या गोष्टींचा. १९१७ सालीं तरुण विनोबा प्रकृति नीट नसल्यामुळें आश्रमांतून एक वर्षाची रजा घेऊन महाराष्ट्रांत आले. पुढें गांधीजींस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं हिशेब दिला आहे: प्रकृतीसाठीं आधीं रोज दहा-बारा मैल चालणें, नंतर कांहीं काळ दळणें, मग सूर्यनमस्कार, आणि सुमारें चारशें मैलांचा पायीं प्रवास. पुढें १९३८ सालीं त्यांची प्रकृति पुन्हा ढासळली व वजन ८८ पौंडांवर आलें. थंड हवेच्या ठिकाणीं जावें असें गांधीजींनीं सुचविलें असतां ते वर्ध्याजवळच्या पवनारास, धाम नदीच्या कांठीं, जाऊन राहिले. तेथें सगळ्या कामांची चिंता मनांतून उतरवून ते उघड्या शेतांत थोडें थोडें खणूं लागले. आरंभीं अगदीं कांहीं मिनिटें, मग रोज थोडें वाढवीत. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झालें. थकलेल्या माणसानें श्रम कसा वाढवावा याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढची गोष्ट सर्वांस माहीत आहे. १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली गांवीं त्यांस पहिलें भूदान मिळालें, त्या वेळीं त्यांचें वय ५५ वर्षांचें होतें. आणि त्यानंतर सुमारें तेरा वर्षें ते देशभर पायीं हिंडले. पोटाचें जुनें दुखणें घेऊन ते पहाटेच्या अंधारांत निघत, व ऊन चढण्याआधीं पुढचें गांव गांठीत. पण हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १९५२ च्या अखेरीस चांडिल येथें त्यांस हिवतापानें गांठलें व जिवावर बेतलें. पुष्कळांनीं आग्रह केल्यावर त्यांनीं औषध घेतलें, आणि ते उठले. तेव्हां जो चालतो त्यास औषध नको, असें कोणी समजूं नये. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यानें चार दिवस चालून बरें वाटतांच गोळ्या सोडून दिल्या, तर तें धैर्य नव्हे; तो अविचार आहे. गोळी कमी करावयाची तर ती डॉक्टरांनीं करावी.

आमच्या हिंदु शेजाऱ्यांत मुक्ताईनगराहून मुक्ताबाईची पालखी दर वर्षीं पंढरपुरास पायीं जाते. वाटेंत महिन्याहून अधिक दिवस लागतात, आणि साठी उलटलेल्या बायाहि तींत चालतात. त्या बायांस विचारावें: पहिले चार दिवस पाय सुजतात, मग पाय आपले आपण चालूं लागतात.

रानांत चालण्याचा दुसरा एक लाभ आहे, त्याची किंमत रक्ताच्या आंकड्यांत निघत नाहीं. माणूस पाहूं लागतो. याची एक गोष्ट आपल्याच भागांत घडली, व ती पुष्कळांस ठाऊक नाहीं. रानपिंगळा म्हणून घुबडाच्या जातीचा एक लहान पक्षी आहे. १८७२ सालीं तो प्रथम युरोपियन शोधकांच्या हातीं लागला. १८८० नंतरच्या चार-पांच वर्षांत डेव्हिडसन नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें खानदेशांत त्याचे नमुने जमविले. आणि १८८४ नंतर तो पक्षी कोणाच्या खात्रीलायक दृष्टीस पडलाच नाहीं. लोकांनीं तो नष्ट झाला असें ठरविलें. मग पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनीं दोघां सोबत्यांसह जुन्या नोंदी तपासून त्याचा माग काढण्यास आरंभ केला. इतर ठिकाणीं रानें पायीं तुडवून ते रित्या हातीं परतले होते. शेवटीं २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांत, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला! एकशें तेरा वर्षांनीं! शहादें त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १९९८ सालीं. हा पक्षी इतर घुबडांप्रमाणें दिवसां दडून बसत नाहीं. तेथल्या आदिवासी बंधूंनीं त्यास शंभर वर्षें पाहिलें असेल, पण त्यांस विचारलें कोणीं? मोटारींतून जाणाऱ्यास तो कधींच दिसला नसता.

पक्षी दुर्मिळच असावा असें नाहीं. फेब्रुवारी-मार्चांत पळस पेटतो, तेव्हां बोरी किंवा पांझरेच्या कांठानें चालून पाहावें. पळसावर किती तऱ्हेचे पक्षी मधासाठीं येतात तें मोजावें. त्यामागून मोहा गळूं लागतो व सातपुड्याच्या पायथ्यास पहाटे सगळी हवा गोड होते. एप्रिल-मे महिन्यांत सर्व रान करपलेलें असतांना बहाव्याचे पिवळे झुबके लोंबतात, आणि कडुनिंब नवी पालवी धरून उभा असतो. यावल व चोपडा या बाजूंस अंजनाचीं झाडें आहेत. त्यांचीं जोडपानें कोंवळीं असतांना तांबूस दिसतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर काळ्या जमिनीचा वास घेण्यास कोणासहि पैसा पडत नाहीं. श्रावणांत मात्र त्याच काळ्या मातीचा चिखल पायतणास शेर-शेर चिकटतो, आणि चालणें म्हणजे शिक्षा होते. त्या दिवसांत मुरमाड टेकडी किंवा पक्क्या सडकेची कडा धरावी. आम्ही एकदां हट्टानें कापसाच्या शेतांतून वाट काढली व एक चप्पल तेथेंच ठेवून आलों.

ज्यांस आपल्या गांवाबाहेर जातां येतें त्यांच्यासाठीं ठिकाणें थोडीं नाहींत. जळगांवकर मेहरूणच्या तलावावर जातात. धुळेकरांस लळिंगचा किल्ला व तेथलें कुरण जवळ आहे. रावेर तालुक्यांत पाल, व चाळीसगांव तालुक्यांत पाटणादेवीचें रान, हीं एक दिवसाच्या सहलीस चांगलीं. पाल हें यावल अभयारण्याच्या व पाटणादेवी गौताळा अभयारण्याच्या मुलखांत येते. तेथें वनखात्याची परवानगी घेऊन व वाट न सोडतां चालावें. पण सहल वर्षांतून एकदां होते. ज्यानें प्रकृति सुधारते ती वाट घरापासून पाव मैलावर असते: गांवदरीपासून ओढ्यापर्यंतची, केळीच्या बागेच्या कडेची, पाझरतलावाच्या बांधावरची.

आतां धोक्यांविषयीं लिहितों, आणि येथें वाचकांनीं घाई करूं नये.

पहिला धोका ऊन. भुसावळ व जळगांव येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. परदेशच्या पुस्तकांत दुपारच्या उन्हांत फिरावयास सांगितलेलें असतें तें त्यांच्या मुलखाकरितां. आपण मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत सूर्योदयाच्या आधीं निघून ऊन चढण्यापूर्वीं परत यावें. संध्याकाळीं जमीन भट्टीसारखी तापलेली असते म्हणून सकाळच बरी. निघण्यापूर्वीं पाणी प्यावें, डोकें झांकावें, सुती कपडा असावा. चालतांना डोकें दुखूं लागलें, ओकारी आली, पायांत गोळे आले, तर तेथेंच सावलींत बसावें व मीठ-साखर घातलेलें लिंबाचें पाणी घोट घोट घ्यावें. माणूस बरळूं लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग चटका बसेल असें तापलें, तर तो उष्माघात होय, व त्यांत मिनिटामिनिटाची किंमत असते. त्यास सावलींत आणून कपडे सैल करावे, सर्व अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा, मानेस व कांखेंत ओलीं फडकीं ठेवावीं, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये; तें फुप्फुसांत जातें.

दुसरा धोका सर्पाचा. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चारी विषारी सर्प आमच्या मुलखांत आहेत. अंधारांत विजेरी घ्यावी, घोट्यापर्यंतचे जोडे घालावे, काठी आपटीत चालावें, आणि गवतांत किंवा दगडाखालीं हात घालूं नये. दंश झाल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आंवळूं नये. तो अवयव हालूं न देतां, माणसास न चालवितां, थेट सरकारी रुग्णालयांत न्यावें. प्रतिविष तेथेंच मिळतें. मांत्रिकाकडे गेलेला एक तास पुन्हा मिळत नाहीं, हें आपल्या मंडळींतहि अजून सांगावें लागतें, याची आम्हांस लाज वाटते.

तिसरी सूचना मधुमेह्यांस. "गवतावर अनवाणी चाला" असा सल्ला कोणीं दिला तरी ऐकूं नये. या रोगांत पायाची जाणीव मंद होते. कांटा मोडला तरी कळत नाहीं, आणि त्या कांट्यापायीं पाय कापावा लागल्याचीं उदाहरणें आहेत. मऊ व बंद जोडा घालावा, घरीं येतांच तळवे पाहावे. स्वतःस न दिसल्यास मुलाकडून पाहवावे. इन्शुलिन घेणाऱ्यानें खिशांत गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी. घाम सुटून हात कांपूं लागले तर ती लगेच खावी. आणि कोणासहि चालतांना छातींत दाटून आलें किंवा डावा हात अथवा जबडा दुखूं लागला, तर "वायु झाला" म्हणून पुढें न जातां तेथेंच थांबावें व रुग्णालय गांठावें.

स्त्रियांविषयीं निराळें लिहिलें पाहिजे. "काम सोडून हिंडते" असें सासूनें किंवा शेजारणीनें म्हणूं नये म्हणून आमच्या पुष्कळ भगिनी घराबाहेर पडत नाहींत, आणि एकटें रानांत जाण्याचें भय तर खरेंच आहे. यावर उपाय म्हणजे चौघींनीं मिळून निघावें. ज्या गांवीं बायबलबाई आहे तेथें तिनें पुढाकार घ्यावा. प्रार्थनेची सभा संपल्यावर सगळ्याजणी मिळून तलावापर्यंत जाऊन आल्या तर कोणाच्या तोंडास हात लागणार नाहीं, आणि सासूबाईंसहि बरोबर घ्यावें, त्यांचेहि गुढघे दुखतच असतात. गुढघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसास सपाट वाटेनें, काठी घेऊन, थोडें थोडें चालणें बहुधा हितकारकच असतें. सूज व ठणका वाढला तर मात्र दोन दिवस थांबून डॉक्टरांस विचारावें.

आरंभ लहान करावा. पहिला आठवडा रोज दहा मिनिटें; पांच जाण्याचीं, पांच येण्याचीं. दुसऱ्या आठवड्यास पंधरा. दोन महिन्यांत अर्धा तास सहज होतो. सोबती असावा, कारण ज्या दिवशीं आपणांस कंटाळा येतो त्या दिवशीं तो दाराशीं येऊन हांक मारतो. मोबाइल घरीं ठेवावा किंवा निदान खिशाबाहेर काढूं नये. ज्याच्या कानांत गाणें वाजतें त्यास मागून येणारा ट्रॅक्टर ऐकूं येत नाहीं, मग कोकिळा कोठून ऐकूं येणार? आणि उपदेशक बंधूंनीं आठवड्यांतून एक तरी गांव, जें दोन-तीन मैलांच्या आंत आहे तें, मोटारसायकल घरीं ठेवून करावें. वाटेंत शेतांतलीं माणसें हांक मारतात, बांधावर बसवून पाणी देतात. गाडीवरून जाणाऱ्यास त्यांचा फक्त हात हललेला दिसतो.

वर्ग घेणाऱ्यांनीं हा पाठ वाचून झाल्यावर मंडळींस असें विचारावें: आपल्यापैकीं काल कोण कोण अर्धा तास चाललें? कोणाच्या घरीं साखरेचा किंवा रक्तदाबाचा रोगी आहे, आणि त्याचें रक्त शेवटीं केव्हां तपासलें? गांवाबाहेरची कोणती वाट सकाळीं स्वच्छ व सुरक्षित असते, आणि तिच्या कडेस कोणकोणतीं झाडें आहेत? उष्माघात झालेल्या माणसास प्रथम काय करावें, हें दोघांनीं उठून करून दाखवावें. मग वर्ग संपल्यावर, ऊन नसल्यास, सर्वांनीं मिळून त्या वाटेनें पहिल्या ओढ्यापर्यंत जाऊन यावें. तेथल्या झाडांचीं नांवें म्हाताऱ्यांनीं मुलांस सांगावीं.